पितळेचे सांधे

या वर्षीच्या अंकाचा विषय ‘सांधा’ असा ठरला असून आपण त्यावर काहीतरी प्रत्यक्ष पाहून लिहावे, असे संपादकांचे पत्र आले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा भाषांचा किंवा प्रांतांचा सांधा असावा. कारण तेलंगण आणि छत्तीसगड यांच्या सीमा जिथे महाराष्ट्राला येऊन भिडतात आणि मराठी, गोंडी, माडिया, तेलुगू व बंगाली या भाषा थोड्याथोडक्या कोसांच्या अंतराने कानावर पडतात, त्या मुलुखात राहणाऱ्या माणसाकडून दुसरी कोणती अपेक्षा करावी? परंतु त्या आठवड्यात माझ्या मनात, आणि खरे सांगायचे तर माझ्या तर्जनीच्या टोकावर, एक निराळाच सांधा उमटलेला होता. करंगळीच्या अर्ध्या पेराएवढा, पितळेचा, काळ्या रबरी टोपणात बसणारा तो जोड मी आदल्या रविवारी रात्री बोटाने चाचपला होता, आणि त्याने मला चांगलेच भाजले होते.

आमच्या घरी १९७२ सालची अँबॅसिडर मार्क-२ आहे. ती वडिलांनी तेंदूपत्त्याच्या एका ठेकेदाराकडून घेतली. तिने चंद्रपूर, मूल, गडचिरोली, चामोर्शी, आलापल्ली हा सारा टापू पाहिला आहे, आणि १९८२ साली चंद्रपुरातून गडचिरोली हा जिल्हा वेगळा काढण्यात आला तेव्हा एकाच जिल्ह्यात हिंडणारी ही गाडी एका दिवसात, जागची न हलता, दोन जिल्ह्यांची झाली, असे वडील गमतीने म्हणत. तिचे इंजिन अजून सुरेल आहे. दुखणे आहे ते तिच्या शिरांत.

चिचपल्लीच्या अलीकडे

गडचिरोलीहून चंद्रपूरला यायचे म्हणजे वैनगंगेचा पूल ओलांडून व्याहाड, सावली, मूल असे यावे लागते, आणि मूल मागे पडले की केळझर आणि चिचपल्लीच्या आसपास रस्ता दाट वनातून जातो. त्या रात्री मूल सोडल्यावर हेडलाइटचा उजेड पांढऱ्याचा पिवळा आणि पिवळ्याचा तांबूस होत गेला. गाडीचा वेग वाढवला तरी त्यात फरक पडेना, आणि थोड्याच वेळात जळक्या रबराचा वास डॅशबोर्डखालून नव्हे तर समोरच्या जाळीतून आत येऊ लागला. या जंगलात रात्री खाली उतरून बॉनेट उघडण्यास जी छाती लागते ती माझ्यापाशी नाही. वाघाविषयी आमच्याकडे कोणी फुशारकी मारत नाही. म्हणून एका ढाब्याच्या दिव्याखाली येईपर्यंत तशीच रांगत गाडी आणली, आणि मग जाळीमागे हात घातला तेव्हा बोट भाजले.

अपराध माझाच होता. पावसाळ्याआधी जुने जोड बदलावेत या सद्हेतूने मी एका दुकानातून मूठभर ‘बुलेट’ आणले होते. ‘हे सगळ्याले लागते जी,’ एवढ्या एका वाक्यावर मी विश्वास ठेवला होता, आणि ते बोटांच्या दाबानेच सहज आत गेले याचा मला आनंदही झाला होता. तो आनंद हीच धोक्याची पहिली खूण होती, हे मला ठाऊक नव्हते.

टेस्ट लॅम्पची साक्ष

दुसऱ्या दिवशी मूल मार्गाच्या कडेला असलेल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये गाडी नेली. तिथले मिस्त्री वयाने सत्तरीकडे झुकलेले. आयुष्यभर ट्रक, जीप आणि अँबॅसिडर यांच्याच वायरिंगचे काम केलेले. शेडमध्ये उन्हाळ्यात उभे राहणे म्हणजे काय ते चंद्रपूरकरांना सांगायला नको. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे गेला की काळ्या चिकटपट्टीचा गोंद पातळ होऊन ओघळू लागतो, त्यावर धूळ बसते, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत पट्टी आपोआप सुटून तारेची उघडी मान बाहेर येते. म्हणून चिकटपट्टीला मिस्त्री जोड म्हणतच नाहीत. ते तिला ‘पट्टी’ म्हणतात, जखमेवरची म्हणतात त्या अर्थाने.

मी त्यांना टेस्ट लॅम्प लावून दाखवला. लहानसा दिवा जोडाच्या दोन्ही बाजूंना स्वच्छ पेटत होता, तेव्हा वीज पोहोचत आहे हे सिद्ध झाले असे माझे म्हणणे. मिस्त्री हसले. टेस्ट लॅम्पला फार थोडी वीज लागते. एवढीशी धार कुजक्या नळातूनही वाहते. परीक्षा घ्यायची ती पूर्ण भार चालू असताना, म्हणून त्यांनी हेडलाइट लावले, इंजिन वेगात ठेवले, मीटरची एक सळई जोडाच्या अलीकडे आणि दुसरी पलीकडे टेकवली. निरोगी जोडाच्या दोन बाजूंमध्ये जवळजवळ शून्य दिसले पाहिजे. तिथे १.२ व्होल्ट दिसले.

या आकड्याचा अर्थ थोडा उलगडून सांगतो, कारण साऱ्या प्रकरणाचे मर्म त्यातच आहे. ६० वॅटचा एक दिवा बारा व्होल्टवर सुमारे ५ अँपिअर वीज ओढतो. ५ अँपिअर गुणिले १.२ व्होल्ट म्हणजे ६ वॅट, आणि ही सहा वॅटची उष्णता दिव्यात नव्हे तर त्या अर्ध्या पेराएवढ्या पितळेत, रबरी टोपणाच्या आत, कोंडलेली असते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची लहान सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटची असते; तिचा चतुर्थांश मी आपल्या हाताने गाडीच्या जाळीमागे बसवून दिला होता. वर दिव्याचा स्वभाव असा की व्होल्ट जितके घटतात त्याच्या कितीतरी पट उजेड घटतो: दहा टक्के व्होल्ट कमी झाले तर उजेड तीसेक टक्क्यांनी उतरतो. बॅटरीवर १३.८ व्होल्ट असताना माझ्या दिव्याच्या मुळाशी फक्त १०.४ पोहोचत होते. उरलेले वाटेत, स्विचमध्ये, पायाखालच्या डिपरमध्ये, आणि मुख्यत्वे सांध्यांत, कर भरत भरत आले होते.

एकाच नावाची दोन माणसे

अँबॅसिडर ही मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड; हिंदुस्थान मोटर्सने ती १९५७ पासून कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्यात बांधली, आणि २०१४ साली ते काम थांबले. तिच्या विजेच्या अंगाची घडण लुकासच्या परंपरेतली. भारतात लुकास-टीव्हीएसचा कारखाना १९६१ साली मद्रासला निघाला. या परंपरेत दोन तारा जोडायच्या त्या बंदुकीच्या गोळीच्या आकाराच्या पितळी टोकांनी, आणि दोन टोके दोन बाजूंनी एका चिरलेल्या नळीत घुसवायची, जिच्यावर रबराचे काळे टोपण असते. नळ्या दोन तोंडांच्या असतात, चार तोंडांच्याही असतात. जाळीमागे एकाच तारेतून दोन्ही दिव्यांना वाटणी करायची असते तिथे चारतोंडी.

आता गोम अशी की बाजारात ‘बुलेट’ या एकाच नावाखाली निदान दोन कुळे नांदतात. लुकासची गोळी ४.७ मिलिमीटर व्यासाची. जपानी घाटाच्या दुचाक्यांबरोबर जी आली ती चार मिलिमीटरच्या आसपासची. डोळ्यांना फरक कळत नाही, डब्यात दोन्ही एकत्र पडलेल्या असतात. लहान गोळी मोठ्या नळीत घातली तर ती अलगद जाते आणि आत सैल राहते. मोठी गोळी लहान नळीत ठोकली तर नळीची चीर फाकते आणि तिची पकड कायमची जाते. मी पहिला प्रमाद केला होता. मिस्त्रींची परीक्षा साधी आहे: ‘हातानं गेलं त समजा गेलं कामातून.’ अस्सल जोडीतली गोळी बोटाने बसतच नाही; तिला पक्कडीने ढकलावे लागते, आणि त्यासाठी इंग्लंडात स्वतंत्र पक्कड मिळत असे.

हा जोर कशासाठी? दोन धातू एकमेकांना टेकले म्हणजे सर्वांगाने टेकले असे आपल्याला वाटते. वस्तुतः ते काही सूक्ष्म उंचवट्यांवरच टेकलेले असतात आणि सगळी वीज त्या टिंबांतून जाते. दाब पुरेसा असेल तर टिंबे चपटी होऊन वाढतात, वरची गंजाची पापुद्र्याएवढी साय फुटते आणि हवा आत शिरत नाही. दाब कमी असेल तर रस्त्याच्या थरथरीने दोन्ही पृष्ठे सतत किंचित घासत राहतात, घासल्याने भुकटी होते, भुकटी वीज अडवते, अडल्याने उष्णता, उष्णतेने पितळेची कमान सैल, आणि कमान सैल म्हणून दाब आणखी कमी. एकदा हे चक्र सुरू झाले की कोणतीही पट्टी ते थांबवू शकत नाही. पितळ तसे विजेच्या बाबतीत मध्यम प्रतीचे, तांब्याच्या चतुर्थांशाहून थोडेसेच सरस. पण ते स्वस्त, घडवायला सोपे आणि बऱ्यापैकी चिवट. जिथे कमानीचा ताठा टिकायला हवा तिथे फॉस्फर ब्राँझ चांगले. सर्वांत वाईट म्हणजे लोखंडी पत्र्यावर पितळी रंगाचा मुलामा. तो ओळखायला मिस्त्रींच्या दप्तरात, म्हणजे एका जुन्या बिस्किटांच्या डब्यात, एक लोहचुंबक आहे. माझ्या मूठभर मालातल्या नळ्या त्या चुंबकाला लगेच चिकटल्या.

चंद्रपूरच्या हवेचा या कामात वेगळा वाटा आहे. औष्णिक वीज केंद्र, कोळशाच्या खाणी, सिमेंट आणि कागदाचे कारखाने यांच्या या प्रदेशाला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक प्रदेशांच्या प्रदूषणाच्या क्रमवारीत चौथे स्थान दिले होते. गंधकयुक्त धूर आणि पावसाळी दमट हवा एकत्र आली की तांबे काळवंडते. जुन्या तारेचे आवरण चार बोटे सोलले तरी आत काळेच दिसावे, हा इथला नित्याचा अनुभव. म्हणून नवे टोक लावायचे तर तांबे चकाकते तिथपर्यंत तार मागे कापावी लागते, आणि मग ती अपुरी पडते, आणि मग एकाच्या जागी दोन सांधे करावे लागतात. जुन्या गाडीचे वायरिंग असे आखडत जाते.

दाबणे आणि डाख देणे

टोक तारेला कसे धरवायचे, यावर मिस्त्री आणि त्यांचा मुलगा यांच्यात मतभेद आहे आणि तो ऐकण्यासारखा आहे. मिस्त्री डाख देणारे. कथलाचा डाख दिला की काम पक्के, असा त्यांच्या पिढीचा सिद्धान्त. आणि लुकासच्या गोळ्याही अनेकदा डाख देऊनच बसवलेल्या असत, त्यामुळे त्यांच्या बाजूने परंपरेचा दाखलाही आहे. मुलगा क्रिम्पिंगवाला. त्याचे म्हणणे असे की डाख तारेच्या केसांतून वर चढतो, जिथवर चढतो तिथवर तार काडीसारखी ताठ होते, आणि ताठ भाग जिथे संपतो त्या रेषेवर थरथरीने ती मोडते. योग्य पक्कडीने दाबलेल्या टोकात तांब्याचे केस एकमेकांत इतके रुतलेले असतात की कापून पाहिले तर मध्ये पोकळी दिसू नये.

माझा कौल मुलाच्या बाजूने आहे, पण एका अटीवर, आणि ती अट बहुतेक ठिकाणी पाळली जात नाही. दाबण्याची पक्कड टोकाच्या जातीची हवी. निळ्या, लाल, पिवळ्या प्लास्टिकची टोके मिळतात त्यांचे रंग शोभेचे नसतात: लाल ०.५ ते १.५ चौरस मिलिमीटरच्या तारेला, निळे १.५ ते २.५ च्या, पिवळे ४ ते ६ च्या. हेडलाइटची जुनी तार २८ केसांची, प्रत्येक केस ०.३० मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे दोन चौरस मिलिमीटर. तिला निळे टोक. पिवळ्यात ती घातली तर कितीही दाबा, हिसका दिला की सुटून येते. साध्या पक्कडीने चेपलेले टोक तर पाहुण्यांसमोर बसवलेल्या मुलासारखे; नीटनेटके दिसते, पण फार वेळ नाही. प्रत्येक टोकाला जोरकस हिसका देऊन पाहणे, एवढी एक शिस्त जरी शेडमध्ये आली तरी निम्म्या गाड्या रस्त्यात बंद पडणार नाहीत.

आणि डाखच द्यायचा असेल तर राळ वापरावी. पत्र्याच्या कामाचे तेजाबी पाणी तांब्यावर वापरण्याची सवय इथे अजून आहे; ते डाख झकास धरवते आणि मग आवरणाच्या आत राहून वर्षभर तार खात बसते.

मंगळवारची जिप्सी

एका मंगळवारी मोहर्लीला गेलो. ताडोबाचे कोअर क्षेत्र मंगळवारी बंद असते, म्हणून पर्यटकांना नेणाऱ्या जिप्सींना त्या दिवशी विसावा मिळतो आणि त्यांच्या चालकांना दुरुस्तीची उसंत. मारुतीची जिप्सी १९८५ साली आली आणि तिचे उत्पादन थांबून आता काही वर्षे लोटली. म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या राष्ट्रीय उद्यानात, १९५५ सालच्या ताडोबात, रोज पहाटे धावणारी ही वाहने हळूहळू अँबॅसिडरच्या पंक्तीला येऊ लागली आहेत.

जिप्सीत गोळ्या नाहीत, कपलर आहेत: प्लास्टिकचे चौकोनी घर, आत पितळी जिभा, वर एक लहानशी खिट्टी. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होते आणि सर्वांत आधी ती खिट्टी मोडते. मग कपलर सुतळीने किंवा प्लास्टिकच्या पट्ट्याने बांधलेला दिसतो. जिभांचीही मापे आहेत, २.८, ४.८, ६.३ आणि ९.५ मिलिमीटर, ६.३ म्हणजे पाव इंच, जिला लुकासवाले ‘लुकार’ म्हणत आणि जी आज जगभर चालते. एका चालकाने मला बॉनेट उघडून दाखवले: भंगारातल्या गाडीचा कपलर त्याने वीतभर तारेसकट कापून आणला होता, दोन्ही बाजूंचा, घर आणि जीभ असा जोडीने. नवे घर विकत घेऊन त्यात जुनी जीभ बसवायच्या भानगडीत तो पडला नव्हता. शाळा-कॉलेजात न शिकलेली ही गोष्ट मला माझ्या मूठभर बुलेटच्या खरेदीनंतर कळली: जोड एकटा घेताच येत नाही, तो नेहमी जोडीने घ्यावा लागतो, आणि त्याला दाबणारे हत्यार हा त्या जोडीतला तिसरा असतो.

पर्लकोटेचे पाणी

भामरागडकडे पावसाळ्यात गेलेल्यांना पर्लकोटा ठाऊक असेल. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांचा संगम तिथे आहे, आणि नदी पुलावर चढली की गाव कित्येकदा जगापासून तुटते. त्या वाटेवर चालणाऱ्या जुन्या जीपगाड्यांचे जोड मी आलापल्लीत पाहिले. तापलेला जोड ओढ्याच्या थंड पाण्यात शिरला की आतली हवा आक्रसते आणि टोपणाच्या फटीतून पाणी आत ओढून घेते. गाडी पलीकडे निघते, दिवे लागतात, आणि बिघाड आठवड्याने होतो. म्हणून तिकडचे मिस्त्री जोडात ग्रीस भरतात. काही ठिकाणी साधे चाकाचे ग्रीस भरलेले दिसले, ते उन्हात वाहून जाते. सिलिकोनचे ग्रीस महाग पण टिकाऊ, आणि काहीच नसेल तर पेट्रोलियम जेली बरी.

नव्या गाड्यांतले रबरी सीलचे जलाभेद्य कपलर या वाटेसाठी उत्तम, यात शंका नाही. पण त्यांत प्रत्येक तारेभोवती लहानसे रबरी कडे असते आणि ते तारेच्या आवरणाच्या बाह्य जाडीला बरोबर बसावे लागते. जुन्या जाड आवरणाची तार त्यात जात नाही, आणि कडे फेकून तार तशीच घातली तर जलाभेद्य या शब्दाला अर्थ उरत नाही.

याच प्रवासात एक जीप पाहिली जिचे सगळे जोड निर्दोष होते आणि तरी दिवे मंद. दोष जमिनीत होता, म्हणजे अर्थमध्ये. वीज दिव्यापर्यंत तारेने जाते पण परत येते ती गाडीच्या अंगातून, आणि ते अंग गंजलेले, वर रंग फासलेले. रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून, नटबोल्ट आवळल्याबरोबर दिवे लखलखले. लुकासला इंग्लंडातले विनोदी लोक ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणतात. त्या बदनामीतला बराच वाटा अशा गंजक्या अर्थचा असावा, असे मला आता वाटते.

काय बदलले, काय ठेवले

पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ नोंदणीची वेगळी सोय केली; तीत चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे, नवीन नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे, आणि रोजच्या वापराला ती गाडी काढता येत नाही. वायरिंगविषयी मात्र तो नियम मौन पाळतो. आमची गाडी अजून एमएच-३४ खाली रोजच्या कामाला धावते, म्हणून मी तो अर्ज केलेला नाही. तरी ‘मूळ स्वरूप’ या शब्दाचे ओझे मनावर होतेच.

शेवटी निवड अशी झाली. जाळीमागे आणि डॅशबोर्डखाली जिथे गोळ्या होत्या तिथे गोळ्याच, ४.७ च्या, ठोस पितळेच्या, चुंबकाला न चिकटणाऱ्या नळ्यांसह. हॉर्न आणि स्विचपाशी पाव इंची जिभा. पुढच्या चाकामागे, जिथे चिखल उडतो, तिथे मात्र दोन सीलबंद कपलर, त्यांच्याच जातीच्या नव्या तारेसह. ते बाहेरून दिसत नाहीत आणि माझ्या सदसद्विवेकबुद्धीला ते खुपत नाहीत. या पिढीच्या इंग्रजी आखणीच्या गाड्यांत हेडलाइटच्या वाटेवर बहुधा फ्यूज नसे. तो आता घातला, आणि दोन रिले घालून पायाच्या डिपरवरचा भार उतरवला. बॅटरीची तार तपकिरी, इग्निशनची पांढरी, हेडलाइटची निळी, साइड दिव्यांची लाल, अर्थची काळी, ही लुकासची रंगलिपी मोडली नाही. उद्या दुसऱ्या कोणाला ती वाचावी लागेल.

दिव्याच्या मुळाशी आता १३.१ व्होल्ट येतात. पूर्वीच्या मानाने उजेड दुपटीहून जास्त आहे, आणि केळझरपाशी रस्त्याच्या कडेला बसलेले रानडुक्कर आता वेळेवर दिसते.

एक चारतोंडी नळी मात्र अजून मिळालेली नाही. चंद्रपूर, बल्लारपूर, नागपूर सर्वत्र विचारून झाले. तिच्या जागी सध्या दोन दुतोंडी नळ्या आणि एक जोडतार असा बंदोबस्त आहे. वाचकांपैकी कोणाच्या पत्र्याच्या डब्यात जुन्या अँबॅसिडरची अशी नळी पडलेली असेल, तर ती चुंबकाला लावून पाहावी, आणि न चिकटल्यास संपादकांच्या पत्त्यावर कळवावे.